बारावा फर्मा

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे 'पायरी' म्हणतात. नवीन साहेब आला की तिचं खरं नाव विचारतो, आणि आठवडाभरात तोही 'पायरी' म्हणायला लागतो. हे नाव तिला कामावरून पडलं. छापखान्यातून मोठमोठे ताव येतात. ताव घड्या घालून कापला की सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक लावले की पुस्तक तयार. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते. पहिल्याची अगदी वर, दुसऱ्याची जराशी खाली, तिसऱ्याची त्याहून खाली. फर्मे नीट लागले असतील तर पुस्तकाच्या पाठीवर काळ्या पायऱ्या उतरत गेलेल्या दिसतात. एखादा फर्मा गळला किंवा उलटसुलट लागला की पायरी तुटते. ती तुटलेली पायरी शोधणं हे हिचं काम.

खिडकीपाशी तिचं टेबल, आणि शेजारच्या टेबलावर मी, सरस लावणारी. गेली कित्येक वर्षं तिच्याकडे बघत मी पुस्तकांच्या पाठी चिकटवते आहे. ती गठ्ठा उभा करते, पाठीवरून अंगठा फिरवते आणि पुढे सरकवते. बोलता बोलता, चहा पिता पिता, पण नजर हलत नाही. चूक सापडली की ती कोणाच्या हातची हेही ती शोधून काढते. मग त्या माणसापाशी जाऊन हळू आवाजात सांगते, "हे तुमच्याकडून झालं बरं का." त्यापेक्षा तिने चार शिव्या दिलेल्या परवडल्या, असं आमचा शिलाईवाला म्हणतो. तिचं म्हणणं एकच. "चूक आपोआप होत नाही, ताई. कोणाच्या तरी हातून होते."

हे वाक्य तिला पुढे फार महागात पडलं. ते कसं, तेच सांगते.

लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. अशा बाईला सल्ले देण्यासाठी माणसाला कसलंही शिक्षण लागत नाही. कापणीवाल्याने सांगितलं, सरसाचा वास बाधतो. सासूबाई म्हणाल्या, दिवसभर उभं राहून काम केल्यावर कसं व्हायचं. त्या तशा मनाने वाईट नाहीत, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. शेजारणीने पाळण्याचा फोटो उशाशी ठेवायला दिला. मला स्वतःला चार मुलं. चारही याच सरसाच्या वासात, याच टेबलाशी उभ्याने झाली, आणि हे मी भर कारखान्यात ओरडून सांगितलं. तेव्हा कापणीवाला म्हणाला, "तुमची गोष्ट वेगळी." वेगळी म्हणजे काय, हे त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मितभाषी माणूस. डॉक्टरांकडे जायचं ठरल्यावर तो कोणी न सांगता आधी स्वतःची तपासणी करून आला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण हात धरून नेलं तरी न जाणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत. त्याचं सगळं ठीक निघालं. तिच्याही तपासण्या ठीक. मग बीज बाहेर काढून, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून तो गर्भाशयात सोडायचा, असं ठरलं. सोडण्याआधी डॉक्टरांनी पडद्यावर तो दाखवला. गोल, नितळ. "अगदी सुंदर आहे," डॉक्टर म्हणाले. तिने मला ते दहादा सांगितलं. सुंदर आहे म्हणाले, ताई.

तो रुजला नाही. काही महिन्यांनी दुसरा सोडला, तोही सुंदर होता, आणि तोही रुजला नाही.

दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर पायरी कामावर आली ती तपासनिसासारखी स्वतःच्याच मागे लागली. जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता मला विचारायची, "ताई, त्या दिवशी मी जिना भरभर चढले होते का?" मी म्हणायची, नाही. "मग त्याच्या दुसऱ्या दिवशी शिलाईवाल्याने कोणाची तरी नक्कल केली, तेव्हा मी खूप जोरात हसले होते. हसले होते ना?" हसली होती. आम्ही सगळेच हसलो होतो. तिने मान हलवली, जणू गुन्हेगार सापडला. त्यानंतर ती हसायची बंद झाली. माझा असा संताप झाला की मी त्या दिवशी एका पुस्तकाला दोनदा सरस लावला. हसल्याने मुलं पडत असती तर माझ्या घरात एकही दिसलं नसतं, असं मी तिला म्हणाले. तिला ते पटलं नाही. तिला चूक करणारा हात हवा होता, आणि जवळपास दुसरा कोणी दिसत नव्हता म्हणून तिने स्वतःचाच धरला.

मग डॉक्टरांनी दोघांचं रक्त आणखी एका तपासणीसाठी पाठवलं आणि त्यांना एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. या बाई गुणसूत्रांच्या जाणकार. वयाने लहान, बोलायला साध्या. त्यांनी एक चित्र समोर ठेवलं. आखूड-लांब दांड्यांच्या जोड्या, प्रत्येक दांडीवर काळे-पांढरे पट्टे. पायरीने चित्र बघितलं आणि बाई काही बोलायच्या आत दोन जोड्यांवर बोट ठेवलं. "इथे काहीतरी इकडचं तिकडे झालंय." बाई हसून म्हणाल्या, "बरोबर. खूण तर मी करून ठेवलीच आहे, पण तुम्हाला कसं दिसलं?" खाली पेन्सिलीने बारीक बाण काढलेले होते, ते हिला दिसलेच नव्हते. ती म्हणाली, "माझं कामच ते आहे."

बाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येक माणसात गुणसूत्रांच्या जोड्या असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. पायरीच्या एका जोडीतल्या एका दांडीचा तुकडा निघून दुसऱ्या जोडीतल्या एका दांडीला चिकटलाय, आणि तिकडचा तुकडा इकडे आलाय. एकूण हिशेब पुरा आहे. काही हरवलेलं नाही, काही जास्त नाही. म्हणून ती स्वतः धडधाकट. पण बीज तयार होताना प्रत्येक जोडीतली एकच दांडी पुढे जाते. या दोन जोड्यांतल्या दोन्ही दांड्या सरळ गेल्या तर उत्तम. दोन्ही अदलाबदल झालेल्या गेल्या तरी हिशेब पुरा. पण एक सरळ आणि एक अदलाबदलीची गेली, की काही कमी पडतं, काही दुप्पट होतं. असा भ्रूण बाहेरून सुंदर दिसतो, पण बहुतेक वेळा रुजत नाही, किंवा रुजून राहत नाही.

"हे तर आमच्या शब्दकोशाचं झालं होतं," पायरी म्हणाली.

शब्दकोशाची गोष्ट आमच्याकडे कोणीच विसरलेलं नाही. दोन खंडांचा जाडजूड कोश होता. दोन्ही खंडांचे फर्मे एकाच टेबलावर लागत होते आणि छापखान्याने खुणेपाशी खंडाचा आकडा घातलाच नव्हता. त्यामुळे पहिल्या खंडाच्या बाराव्या फर्म्याची खूण आणि दुसऱ्या खंडाच्या बाराव्याची खूण एकाच उंचीवर. एका दुपारी ढीग बदलले. याचा बारावा त्यात गेला, त्याचा यात. पायऱ्या मात्र दोन्ही पाठींवर सुरेख उतरत होत्या, म्हणून सगळी पुस्तकं पायरीच्या अंगठ्याखालून बिनबोभाट गेली. पुढे गोदामात चांगले खंड आणि हे खंड मिसळले. ज्याला दोन्ही खंड अदलाबदलीचे मिळाले, त्याच्याकडे शब्द सगळे होते, फक्त काही भलत्या ठिकाणी. त्याने तक्रार केली नाही. ज्याला एक असा आणि एक तसा मिळाला, त्याच्याकडे काही शब्द दोनदा आणि काही मुळीच नाहीत. तक्रारी त्यांच्या. सुंदर कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि परत.

डॉक्टरीणबाईंना हे इतकं आवडलं की, "मी दुसऱ्यांना समजावताना वापरू का?" असं त्यांनी विचारलं. पायरी हो म्हणाली. मग जिन्याचं, हसण्याचं सगळं सांगून तिने तिचा तो प्रश्न विचारला. "पण चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जिना चढलात, हसलात, उभं राहून काम केलंत, यातल्या कशाचाही संबंध नाही. तुम्ही जन्मालाच अशा आलात."

"मग ही अदलाबदल आली कुठून?"

बाई म्हणाल्या, कधी आईकडून येते, कधी वडिलांकडून, कधी नव्यानेच होते. वडील गेलेले. आईचं रक्त तपासता येईल, पण तपासलंच पाहिजे असं नाही, पुढच्या उपचाराला त्याची गरज नाही. गरज नाही म्हटल्यावर कोणी दुसरी असती तर तिथेच थांबली असती. ही पायरी. ती तडक आईकडे गेली.

तिची आई दोन खोल्यांत एकटी राहते. बाई करारी. पायरी एकुलती एक, आणि तिच्याआधीच्या काळाबद्दल आईने कधी चकार शब्द काढलेला नव्हता. रक्ताचं ऐकल्याबरोबर आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली. "तपासायचं कशाला?" ती आतूनच म्हणाली. "माझ्यामुळेच झालं असेल. मला माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे?"

मग पातेलं घासत घासतच, लेकीकडे पाठ करून, आईने सांगितलं. तुझ्याआधी तीन पोटातच गेली. तरुणपणी ती एका औषधाच्या दुकानात कामाला होती आणि सायकलवरून घरोघर औषधं पोचवायची. पहिलं गेलं तेव्हा लोक म्हणाले, सायकलचे हादरे. तिने सायकल सोडली. दुसरं गेलं तेव्हा म्हणाले, आधीच्या हादऱ्यांनी पोट कच्चं झालं असेल. तिसऱ्याच्या वेळी कोणी काही म्हणालं नाही, तोवर तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. नंतर पायरी झाली, आणि पायरीने सायकल शिकायचा हट्ट धरला तेव्हा तिला दोन दिवस खोलीबाहेर पडू दिलं नव्हतं. पायरीला ते दोन दिवस आठवतात, त्यांचं कारण मात्र आजवर कळलेलं नव्हतं.

रक्त दिलं. निकाल आला. तीच अदलाबदल, तेच दोन तुकडे, आईत.

निकाल घेऊन पायरी आईकडे निघाली. इतकी वर्षं ती माणसांपाशी जाऊन हळू आवाजात सांगत आली, हे तुमच्याकडून झालं बरं का. आता तेच आईला कसं सांगायचं. तिने सांगितलं ते असं, "आई, तुझ्यातही आहे. तुलाही ते कोणाकडून तरी आलं असेल. तू काही केलं नाहीस." आईने विचारलं, "म्हणजे सायकलमुळे नाही?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही, आई."

आई खुर्चीत बसली. "मला सायकल फार आवडायची," ती म्हणाली, आणि मग रडली. पायरीने आईला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल, तर तसं नाही. खरी अडचण पुढेच होती. पुन्हा बीज काढलं, पुन्हा भ्रूण तयार केले. या वेळी आत सोडायच्या आधी ते तपासले. एक सोडून सगळे बाद झाले. काही कमी, काही दुप्पट. राहिलेल्या एकाचा हिशेब पुरा होता. पण तो सरळ नव्हता. तो अगदी पायरीसारखा होता, तेच तुकडे इकडचे तिकडे. मुलगी होती की मुलगा, ते कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रुजलं तर मूल तुमच्याइतकंच निरोगी असेल. पण मोठं होऊन त्याला स्वतःचं मूल हवं झालं, तर तुम्ही ज्यातून गेलात त्यातून कदाचित त्यालाही जावं लागेल. आणि हाही रुजेलच, अशी खात्री मी देत नाही. विचार करून सांगा."

ती विचार करत बसली. जेवायच्या सुट्टीत पुन्हा डबा बंद. मला वाटलं होतं ही आनंदाने उडी मारेल. मी तसं म्हटलंही.

"ताई, बारावा फर्मा बदललेला आहे हे समोर दिसत असताना मी पुस्तक पुढे सोडते का कधी?"

"मूल म्हणजे काय पुस्तक आहे?" मी म्हणाले.

"शब्दकोशाच्या वेळी दिसलं नव्हतं म्हणून गेलं. आता दिसतंय." तिचा आवाज अगदी खाली गेला. "दुसऱ्यांदा रुजलं नाही तेव्हा माझं काय झालं ते तुम्ही बघितलंत. आईचं काय झालं ते आता मला कळलं. उद्या ते पोर माझ्यासमोर उभं राहून म्हणालं, तुला माहीत होतं, तरी तू मला हे दिलंस, तर मी काय सांगू? आईला निदान माहीत नव्हतं."

मला चार मुलं झाली ती कोणी तपासून दिली नव्हती. त्यांच्यात काय काय इकडचं तिकडे आहे देव जाणे, आणि धाकट्याकडे बघून तर मला दाट संशय आहे. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. नवऱ्याने तिला सांगितलं, तू जे ठरवशील त्यात मी आहे. या वाक्यावर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिला कोणीतरी ठरवून द्यायला हवं होतं, आणि तो बिचारा चांगुलपणाने वागत होता.

शेवटी ती आईकडेच गेली. आई भाजी निवडत होती. पायरी समोर बसली, निम्मी भाजी स्वतःकडे ओढली आणि खाली मान घालून विचारलं, "तुला आधी कोणी सांगितलं असतं, की तीन गेल्यावर एक राहील, पण तीही तुझ्यासारखीच असेल, आणि तिलाही पुढे हाच त्रास होईल. तर तू काय म्हणाली असतीस?"

आईने एक क्षणही घेतला नाही. "अशीच दे म्हणाले असते."

आई पुढे म्हणाली, "दुःख आलं त्याचं मला काही नाही. दुःख येतंच. पण मला कोणी सांगितलं नाही, आणि मी तुला सांगितलं नाही. मी माझी मला दोष देत बसले, तू तुझी. तुझ्या पोराला तू सांग. लहान असल्यापासून सांग. मग त्याचं ते बघेल, त्या वेळेला डॉक्टरही आणखी शहाणे झाले असतील." आणि मग, जरा रागावून, "भाजी नीट निवड, देठं राहतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर, खिडकीपाशी उभं राहून, तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. "तो द्या," एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने माझा सरसाचा ब्रश उचलला आणि उगाच एक पाठ चिकटवली. वाईट चिकटवली. मी ती गुपचूप उकलून पुन्हा चिकटवली.

निकालाच्या आधीचे दिवस तिने रोज येऊन काम केलं. जिना चढली. शिलाईवाल्याने नक्कल केली तेव्हा आम्ही सगळे हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत होतो. ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि नंतर मला काही विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, आता रुजो किंवा न रुजो, ही वाचली.

रुजलं.

त्या नऊ महिन्यांत तिला सरसाचा वास मात्र खरंच सहन झाला नाही, आणि कापणीवाल्याने महिनाभर आम्हाला तोंड वर करून ऐकवलं की मी म्हणत नव्हतो. शेवटच्या दिवसांत आई तिच्याकडे राहायला आली. एका दुपारी दोघी लहान कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा आई म्हणाली, "त्या तिघांना मी नावं दिली होती. तुझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हती." आणि तिने ती तिन्ही नावं सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने. "हवं तर त्यातलं एक घे," ती म्हणाली, "वाया कशाला घालवायची."

मुलगी झाली. आता ती चालते, आणि दिसेल त्या पुस्तकाची पानं फाडते. पायरीने मला ती तिन्ही नावं सांगितली आहेत, पण ती सांगायचा हक्क माझा नाही. मुलीला त्यातलं एकही दिलं नाही, नवीनच ठेवलं. आई जरा हिरमुसली, तेव्हा पायरीने तिच्याजवळ बसून हळू आवाजात सांगितलं, "ती नावं ज्यांची आहेत त्यांच्याकडेच राहू दे, आई. हिला मी तिघांबद्दल सांगेन, तेव्हा त्यांना काहीतरी म्हणून हाक मारावी लागेल ना."